अंतर्मुख माणसाने ‘दिसायचं’ म्हणजे नेमकं कुणाला?

कोरा कागद

‘काम बोलतं, माणसाने बोलायची गरज नाही’ हे वाक्य कानाला गोड लागतं, पण बढतीच्या वेळी हमखास दगा देतं. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत वार्षिक मूल्यांकन शेवटी कॅलिब्रेशनच्या बैठकीत ठरतं. आठ-दहा मॅनेजर आपापल्या माणसांच्या श्रेणी एकमेकांशी ताडून बघतात. एका नावाच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन मिनिटं येतात. तुमचा मॅनेजर बाजू मांडतो आणि कुणीतरी विचारतं, "हे नाव कधी ऐकलं नाही, नक्की काय करतात?" त्या क्षणी दुसऱ्या टीमचा एकजण जरी म्हणाला, "त्यांच्या त्या टिपणामुळे आमचे दोन आठवडे वाचले," तरी पारडं फिरतं.

म्हणजे सगळ्या जगाला दिसायचं नाहीये. त्या खोलीतल्या तीन-चार जणांना दिसलं की पुरे. आणि त्यासाठी पार्ट्या, गप्पांचे कोंडाळे वगैरे काही लागत नाही, लेखी मार्ग पुरतो, असं माझं मत.

शुक्रवारी मॅनेजरला पाच ओळी पाठवायच्या. गडबड होते ती इथेच, कारण लोक कामांची यादी पाठवतात. "परताव्याच्या मॉड्यूलवर काम चालू आहे" ही ओळ कुणी पुढे सांगू शकत नाही. "परताव्याला ३ दिवस लागायचे, आता ६ तास लागतात, हाताने होणारी जुळवणी काढून टाकली" ही ओळ मॅनेजर जशीच्या तशी वरच्या बैठकीत म्हणू शकतो. आधी परिणाम, मग कारण, शेवटी अडथळा.

दुसरं, खाजगी मेसेजमध्ये उत्तरं देणं थांबवा. एकच शंका चार जण चार वेळा खाजगीत विचारतात, तुम्ही चारही वेळा नीट समजावता आणि त्या कष्टाचा मागमूस उरत नाही. "प्रश्न चांगला आहे, टीमच्या चॅनलवर टाकता का? तिथेच उत्तर देतो," एवढं म्हणायचं. पाचवा माणूस शोधून वाचतो, वर तुमचं नाव असतं.

तिरकस

साफ असहमत. ज्याला काम येतं त्यानेच आता आपल्या कामाचा जाहिरात विभागही चालवायचा? शुक्रवारच्या पाच ओळी म्हणजे अर्धा तास जास्तीचा, तोही बिनपगारी. आणि दोष कुणाचा? जी कंपनी मोठ्या आवाजाला हुशारी समजते तिचा.

सुधारायची तर बैठक सुधारा. विषयपत्रिका २४ तास आधी पाठवा. सुरुवातीची पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून मुद्दे लिहावेत, मग एकेकाने बोलावं, सर्वांत वरिष्ठ माणसाने सगळ्यांत शेवटी. कॅलिब्रेशनमध्ये प्रत्येक मॅनेजरने चर्चेआधीच आपली श्रेणी लेखी द्यावी. नाहीतर पहिला जो बोलतो त्याच्या आकड्याभोवतीच सगळे घुटमळतात. या चार गोष्टी केल्या की अंतर्मुखांना शिकवण्या लावाव्या लागणार नाहीत.

कोरा कागद

@तिरकस, चारही गोष्टी मान्य. पण त्या ठरवणं ज्याच्या हातात आहे तो बहुधा आधीच मोठ्याने बोलून तिथे पोचलेला असतो! तोवर काय करायचं? विषयपत्रिका मागवून घेणं मात्र कुणालाही जमतं. आदल्या दिवशी आपले दोन मुद्दे बैठक बोलावणाऱ्याला लिहून पाठवले तर निम्म्या वेळा तोच म्हणतो, "यावर त्यांनी काल लिहिलंय, जरा सांगा." मधेच तोंड घालण्याची कसरत टळते.

अर्धविराम

धागा कंपनीच्या भिंतीआडच अडकलाय. आतली नोंदवही कितीही चकचकीत असली तरी पुढची नोकरी बाहेरून येते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली ‘दुबळ्या’ नात्यांचं, म्हणजे जुजबी ओळखींचं, बळ मांडलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांच्या त्याच्या छोट्या नमुन्यात, आठवड्यातून दोनदा तरी भेटणाऱ्या माणसाकडून खबर मिळालेले १६.७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणाऱ्याकडून ५५.६ आणि वर्षातून जेमतेम एकदा भेटणाऱ्याकडून २७.८. कारण सरळ आहे: जवळच्यांना जे ठाऊक असतं ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. तेव्हा चॅनलवर उत्तरं लिहीत बसण्यापेक्षा परिषदेला जा.

आणि जाण्याची रीत असते. वक्त्यांची किंवा उपस्थितांची यादी आधी बघून तीनच नावं निवडायची. आठवडाभर आधी दोन ओळींचा मेसेज. त्या दिवशी १५ मिनिटं लवकर पोचायचं; तेव्हा लोक एकटेदुकटे उभे असतात, घोळके जमलेले नसतात. उशिरा गेलात की बंद वर्तुळांच्या पाठी बघत उभं राहावं लागतं आणि तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो. ४५ मिनिटांनी खुशाल निघा. ४८ तासांत त्या तिघांना लिहा, ज्यावर बोलणं झालं त्याचा एक धागा धरून. "भेटून आनंद झाला" एवढंच लिहिलं तर न लिहिल्यासारखंच.

रातकिडा

@अर्धविराम, ग्रॅनोव्हेटरवर गाडी थांबवू नका. २०२२ साली ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. नोकरी बदलायला दुबळी नाती उपयोगी पडतात हे त्यातही दिसलं, पण सर्वांत दुबळी नव्हे, तर मध्यम दुबळी. काही सामाईक ओळखी आहेत, पण फार नाहीत, अशी. परिषदेत दहा मिनिटं भेटलेला परका माणूस त्या गटात बसतोच असं नाही.

अंतर्मुखांसाठी याहून सोपी खाण म्हणजे निजलेली नाती: जुने सहकारी, दोन-तीन वर्षं बोलणं नसलेले. विश्वास आधीच असतो, आणि दरम्यान त्यांचं जग बदललेलं असल्याने माहिती नवी असते. मेसेज ६०-७० शब्दांचा: ओळखीची खूण, त्यांच्या कामातली एक नेमकी गोष्ट, मग एकच प्रश्न. "सध्या काही ओपनिंग आहे का?" हा तो प्रश्न नव्हे. त्याचं उत्तर ‘नाही’ एवढंच येतं आणि दार लागतं. "तुम्ही चाचणीतून डेटाकडे वळलात, पहिल्या सहा महिन्यांत कोणतं कौशल्य सर्वांत कमी पडलं?" याला लोक हौसेने उत्तर देतात. महिन्याला असे दोन मेसेज पुरेत. दहा पाठवाल तर उत्तरं सांभाळता येणार नाहीत.

मधला बाक

सगळे अंतर्मुख आणि लाजाळू यांची खिचडी करताहेत. लाजाळू माणसाला बोलायचं असतं पण भीती वाटते. सराव वाढवला की भीती कमी होऊ शकते. अंतर्मुखाला भीती असेलच असं नाही, त्याची बॅटरी उतरते. तिथे सराव वाढवून उपयोग नाही, मात्रा कमी करावी लागते. २०१९ च्या एका प्रयोगात लोकांना आठवडाभर बहिर्मुखासारखं वागायला सांगितलं होतं. सरासरी मनःस्थिती सुधारली, पण जे जास्त अंतर्मुख होते त्यांना फायदा कमी झाला, थकवा आला आणि आपण खोटं वागतोय असं वाटलं. @अर्धविराम, तुमच्या परिषदेनंतरचा दिवस रिकामा ठेवायचा हे तुमच्या यादीत राहिलंय.

अर्धविराम

@मधला बाक, आठवडाभराचं सोंग आणि ४५ मिनिटं यात फरक आहे की नाही? रिकाम्या दिवसाचं मान्य. निदान दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक ठेवू नये.

तिरकस

आणि मॅनेजरने त्या पाच ओळी स्वतःच्या नावाने वर पाठवल्या तर? सर्रास होतं हे.

कोरा कागद

होतं. म्हणून मेलमध्ये फक्त सारांश आणि दुवा ठेवायचा, मूळ टिपण सामाईक फोल्डरमध्ये. त्यावर लेखकाचं नाव, तारीख, बदलांचा इतिहास. दुसऱ्या टीमच्या निदान एकाला ते तपासायला द्यायचं. त्याची टिप्पणी तिथे राहते आणि कॅलिब्रेशनच्या खोलीत त्याच्या मॅनेजरच्या कानावरही नाव गेलेलं असतं. मॅनेजरने मेलच पुढे पाठवला तरी दुवा उघडणाऱ्याला तुमचं नाव दिसतं.

तिरकस

उघडला तर!