शब्दचर्चा : आर्त, आर्द्र, कातर आणि डस्टी स्प्रिंगफील्डचा गळा

मूळ प्रश्न

डस्टी स्प्रिंगफील्ड या ब्रिटिश गायिकेचा ‘डस्टी इन मेम्फिस’ हा १९६९ सालचा अल्बम मला फार उशिरा सापडला आणि आता तो सुटत नाही. ११ गाणी, सगळा मिळून अर्ध्या तासाहून थोडा मोठा. मैत्रिणीला ‘ऐकच’ म्हणून कळवताना मी ‘आवाज फार आर्त आहे’ असं लिहिलं. तिने ऐकलं, तिलाही आवडलं, पण ‘यात आर्त कुठे आहे? ही तर शेजारी बसून बोलल्यासारखी गाते’ असं तिचं म्हणणं पडलं. तेव्हापासून नेमका शब्द शोधते आहे.

आवाज कसा आहे ते आधी सांगते. ‘सन ऑफ अ प्रीचर मॅन’ घ्या. सुरुवातीला गिटारची छोटी लकेर, मग बेस, आणि डस्टी गायला लागते ती खालच्या सुरात, जवळजवळ गप्पांच्या ओघात. धर्मोपदेशकाच्या मुलाशी लपूनछपून झालेल्या प्रेमाची आठवण ती सांगते आहे. पितळी वाद्यं येतात, मागच्या बायका साथ धरतात, गाणं चढत जातं, तरी डस्टी आवाज पूर्ण मोकळा सोडत नाही. ओळ संपते तिथे सूर आधी थांबतो आणि उरलेला श्वास मागून ऐकू येतो. आवाजाला बारीकशी खरखर आहे, पण ती कानाला लागत नाही, उलट हवीहवीशी वाटते.

‘घोगरा’ म्हटलं की सर्दी झालेला माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘बसका’ म्हटलं की ओरडून ओरडून गेलेला गळा. ‘मखमली’ इतक्या जणांना लावून झालं आहे की त्यातून आता काहीच कळत नाही. ‘काळजाला हात घालणारा’ खरं आहे, पण ते ऐकणाऱ्याचं वर्णन झालं, आवाजाचं नाही. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद

तुमच्या मैत्रिणीला दुजोरा देतो. ‘आर्त’ हा शब्द आपण हल्ली कुठल्याही भावपूर्ण गाण्याला लावतो, पण त्याचा अर्थ बराच बांधलेला आहे. आर्त म्हणजे पीडलेला, संकटात सापडलेला. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार दिले आहेत – आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी, ज्ञानी. त्यातला आर्त हा संकटात देवाकडे धाव घेणारा. जुन्या मराठीत ‘आर्त’ हे नाम म्हणूनही येतं, तिथे त्याचा अर्थ तीव्र इच्छा, ओढ. आजच्या वापरात पाहा, हा शब्द कुणासोबत येतो? आर्त हाक, आर्त टाहो, आर्त किंकाळी. प्रत्येक ठिकाणी समोर कुणीतरी आहे ज्याच्यापर्यंत आवाज पोचायला हवा. तुम्ही वर्णन केलेलं गाणं तर सुखाच्या आठवणीचं आहे. तिथे हाक कुणाला मारायची?

तुम्हाला बहुधा ‘आर्द्र’ हवा आहे. आर्द्र म्हणजे ओला. त्यावरून मायेने, आठवणीने भिजलेला. हे दोन शब्द लिहिताना नेहमी एकमेकांत मिसळतात, ‘आर्द स्वर’ असं तिसरंच काहीतरी छापलेलंही दिसतं. आर्त स्वर बाहेर धावतो, आर्द्र स्वर आतच झिरपत राहतो. दुःख असलंच पाहिजे अशी आर्द्रला अट नाही.

प्रतिसाद

मी पेटी वाजवतो, म्हणून शब्दकोशापेक्षा बैठकीतले शब्द सुचवतो.

त्या खरखरीसाठी ‘जवारी’. काही जण ‘जव्हारी’ म्हणतात, दोन्ही चालतं. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तार आणि घोडी यांच्यामध्ये एक बारीक दोरा सारतात. तो बोटाने जरा जरा सरकवत राहायचं. एका जागी तार एकदम उघडते, नुसता टणत्कार न राहता तिच्यातून सुरांचा झोत निघायला लागतो. घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो, कंप पावणारी तार त्याला चाटून जाते आणि तिच्यातले वरचे सूर जागे होतात. हे घासकाम फार नाजूक. मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या यात गेल्या आहेत, आणि तिथल्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तर सांगायचं असं की गवयाच्या गळ्याबद्दलही ‘जवारी आहे’ असं आपल्याकडे म्हणतात, आणि ती मोठी दाद असते. घोगरेपणाने सूर झाकला जातो, जवारीने तो उमलतो.

श्वासाबद्दल तुम्ही लिहिलंत त्यासाठी ‘आस’. तार एकदा छेडली की नाद लगेच मरत नाही, मागे रेंगाळतो, ती आस. सतारीवर मींड घेतात, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जातात, ती या आसेच्याच जिवावर, आघात एक आणि पुढचे सूर उरलेल्या नादातून ओढून काढलेले. ‘भेटीलागीं जीवा लागलीसे आस’ मधली आस वेगळी, ती आशेवरून आलेली. पण गाणाऱ्याच्या ओळीला आस आहे असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा अर्थही हलतोच. कुणी मुद्दाम सुचवावा लागत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. हे शब्द हाताशी घेऊन मी सगळा अल्बम पुन्हा ऐकला.

‘जवारी’ अगदी बसतो. पहिल्याच ‘जस्ट अ लिटल लव्हिन’मध्ये सकाळच्या वेळचा आवाज आहे, नुकती जाग आलेल्या माणसाचा, आणि खालच्या सुरांवर ती जवारी स्पष्ट ऐकू येते. ‘आर्द्र’ हा शब्द ‘ब्रेकफास्ट इन बेड’ला लावून पाहा. बाहेर दुखावून आलेल्या माणसाला ही बाई दारात घेते, काही विचारत नाही, न्याहारीचं बघते. त्या समजूतदारपणात एक ओल आहे, आणि ती शब्दांपेक्षा उच्चारात जास्त आहे.

मला सगळ्यात जास्त पटलं ते आर्तबद्दलचं. ‘आय डोन्ट वॉन्ट टू हिअर इट एनीमोअर’ हे रँडी न्यूमनचं गाणं आहे. वस्ती साधी, भिंती पातळ, आणि पलीकडे शेजारी हिच्याच माणसाबद्दल बोलत आहेत. हिला ते सगळं ऐकू येतं. इतकं दुःखाचं गाणं, पण कुणाला हाक नाही, नुसतं ऐकून घेणं आहे. आर्त म्हणता येणार नाही. उलट शेवटचं ‘आय कान्ट मेक इट अलोन’ घ्या, गॉफिन आणि किंग या जोडीचं. ते सोडून दिलेल्या माणसाकडे परत येऊन केलेली विनवणी आहे, आणि तिथे ती पहिल्यांदा आवाज खुला सोडते. ११ गाण्यांत आर्त म्हणावं असं हे एकच. आधीची दहा तिने हात राखून गायली म्हणून हे इतकं लागतं, असं माझं मत आहे.

प्रतिसाद

‘कातर’ कुणीच कसा सुचवला नाही? कातर म्हणजे भ्यालेला, थरथरता. कातरवेळ आपण सगळेच म्हणतो, कातर स्वर मात्र मागे पडला. डस्टीच्या बाबतीत त्याला कारणही आहे. या अल्बमची साथसंगत सप्टेंबर १९६८ मध्ये मेम्फिस या अमेरिकन शहरातल्या ‘अमेरिकन साउंड’ स्टुडिओत झाली. निर्माते जेरी वेक्सलर, टॉम डाउड आणि आरिफ मार्डिन. गिटारवर रेजी यंग, बेसवर टॉमी कॉगबिल, ड्रमवर जीन क्रिसमन. लंडनमध्ये जन्मलेली ही बाई अमेरिकन सोल, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचं चर्चमधल्या गाण्यातून आलेलं संगीत, जीव ओवाळून ऐकणारी. आपले लाडके गायक जिथे गायले तिथे आपण उभं राहायचं, या विचारानेच तिच्यावर दडपण आलं. शेवटी अल्बममध्ये ऐकू येतो तो आवाज तिने न्यू यॉर्कला ध्वनिमुद्रित केला. नावात मेम्फिस आहे, वादक मेम्फिसचे आहेत, गळा न्यू यॉर्कमध्ये लागला. आणि ज्या ‘प्रीचर मॅन’ने तिला इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या दहांत नेलं ते गाणं आधी सोलची गाजलेली अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिन हिच्याकडे गेलं होतं, जी स्वतः धर्मोपदेशकाची मुलगी. तिने तेव्हा नाही म्हटलं, पुढे स्वतःही गायली. दोन्ही लागोपाठ ऐका. अरीथाचा आवाज घरच्या अंगणात वावरतो, डस्टीचा उंबऱ्यापाशी जरा थबकतो. ते थबकणं म्हणजे कातर.

एक मात्र सांभाळा. कातर म्हणजे कच्चा नव्हे. सूर एकदाही हललेला नाही. आणि स्वभावाने ही बाई भित्री मुळीच नव्हती. वर्णभेदाने वेगळ्या बसवलेल्या श्रोत्यांपुढे गाणार नाही असं ठणकावल्यामुळे १९६४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून तिला बाहेर काढलं होतं.

प्रतिसाद

‘सोल’ला मराठी शब्द शोधू नये, ‘गझल’ आणि ‘ठुमरी’ जशी आपण नावानिशी घेतली तसं हेही घ्यावं. मला दुसराच शब्द सुचवायचा आहे. प्रश्नकर्तीने ‘मागच्या बायका’ असं लिहिलं आहे. त्या ‘स्वीट इन्स्पिरेशन्स’, चर्चमधल्या गाण्यातून आलेल्या, आणि डस्टीची ओळ संपते न संपते तोच उत्तर देणाऱ्या. याला आपण सरसकट ‘कोरस’ म्हणतो. पण कोरस म्हणजे सगळ्यांनी मिळून गाणं. मुख्य गाणाऱ्याचा शब्द उचलून मागून सूर धरायचा, याला आपल्याकडे शाहिरीत ‘झील’ म्हणतात आणि धरणाऱ्यांना झीलकरी. पोवाड्यात शाहीर श्वास घेतो ती जागा झीलकरी रिकामी पडू देत नाहीत. ‘प्रीचर मॅन’मध्ये नेमकं हेच चाललेलं आहे. ‘री ओढणे’ याच घरातला, पण तो आता हांजी हांजी करण्याच्या अर्थाने बिघडला. झील अजून स्वच्छ आहे. स्त्रीलिंगी चालवावा : झील धरली, झील दिली.