पाण्याचं काय करायचं? (रविवारच्या मीटिंगआधी इथेच बोला)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. रविवारी विषय एकच, पाणी. मे महिन्यात टँकरचं बिल मेंटेनन्सच्या वर चाललंय आणि मागच्या प्लॉटवर नवीन बिल्डिंग उभी राहतेय, म्हणजे त्याच लाइनवर अजून माणसं. पुढच्या दहा वर्षांचा विचार करा. कमिटीपुढे बोअरवेलचा प्रस्ताव आहे.

ए-१०२: बोअर मारा आणि मोकळे व्हा. दरवर्षी तेच रडगाणं 🙄

बी-३०१: दादा एवढं सोपं नाही ते. गोव्यात भूजल कायदा आहे २००२ चा, परवानगी लागते. आणि परवानगी मिळाली तरी खाली पाणी लागायला नको? पर्वरीचं पठार आहे हे, सगळा चिरा, म्हणजे जांभा दगड.

सी-२०२: थोडं लांब लिहितोय, कंटाळा आला तर सोडून द्या. ४८ फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर हा सरकारी हिशेब, म्हणजे रोजचं जवळपास २६ हजार लिटर. आपला संप, म्हणजे खालची टाकी, ३० हजारांचा. नळ गेला की सव्वा दिवसात आपण टँकरवाल्याच्या पायाशी. पण त्या १३५ मधले ४५ लिटर नुसत्या फ्लशचे धरलेले असतात हो! म्हणजे अस्नोड्याला शुद्ध केलेलं, क्लोरिन घातलेलं, पंप करून पठारावर चढवलेलं पाणी, त्यातला तिसरा हिस्सा आपण संडासात ओततो आणि मग कमी पडलं म्हणून टँकर बोलावतो. कोपऱ्यात विहीर पडून आहे, तिच्यावर फ्लश टाका. रोजचे साडेआठ हजार लिटर वाचले की तोच संप पावणेदोन दिवस जातो. बोअरचे पैसे वेगळ्या पाइपलाइनला घाला असं माझं म्हणणं.

ए-१०२: विहिरीत मे मध्ये पाणी असतं का पण?

सी-२०२: कमरेएवढं आहे. परवा माळ्याने मोटर लावली तर अर्ध्या तासात फुसफुस करायला लागली, मग दुपारपर्यंत परत भरली. म्हणून आत्ताच मोजायचं, पावसाआधी. मोटर बंद केली की दोरीला दगड बांधून सोडायचा आणि तासाला किती चढतं ते लिहून ठेवायचं. जूनमध्ये मोजलेल्याला काही अर्थ नाही, तेव्हा गोव्यातली कुठलीही विहीर श्रीमंतच असते 😄

सी-१०४: पिण्यासाठी नको हं ती. सेप्टिक टँक पलीकडेच आहे, आणि पाणी तांबूस येतं, माझे पांढरे कपडे गेले एकदा.

सी-२०२: पिण्याचा प्रश्नच नाही काकू. चिऱ्यातून पाऊस जसा भराभर मुरतो तसंच सोकपिटचं (शोषखड्ड्याचं) पाणीही मुरतं. फ्लश आणि बाग, बस्स.

बी-३०१: पावसाचं पाणी साठवा की मग. गच्ची ६०० स्क्वेअर मीटर, पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, गळती-बिळती वजा करून १४ लाख लिटर मिळतात!

सी-२०२: मिळतात, पण चार महिन्यांत मिळतात. १४ लाख म्हणजे आपलं दोन महिन्यांचंसुद्धा पाणी नाही आणि ते मेपर्यंत ठेवायला टाकी कुठे बांधणार, पार्किंगमध्ये? जमिनीत सोडलं तर चिऱ्यातून बरंचसं उतारावरच्या झरींतून निघून जातं. म्हणून पावसाचं पाणी पावसातच वापरायचं. जून ते सप्टेंबर फ्लशच्या टाकीत गच्चीचं पाणी, नंतर विहीर.

ए-४०१: हे सगळं ठीक, पण खरा प्रश्न म्हादईचा आहे. २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं, त्यावर कोणी बोलत नाही.

बी-३०१: काका बोलतात की सगळे, रोज बोलतात 🙏 पण म्हादईची धग आधी ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राला, ते तिच्या उपनदीवर, खांडेपारवर आहे. आपल्या बार्देशच्या नळाचा उन्हाळ्यातला आधार तिळारीचा कालवा, धरण दोडामार्गात. कालवा दुरुस्तीला बंद झाला की आपली बोंब.

सी-२०२: आणि धरण भरलेलं असून काय? २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुर्टी-खांडेपारला ओपाच्या पाइपलाइन फुटल्या तेव्हा भर पावसात पणजी कोरडी होती. एकाच पाइपवर जीव टांगून ठेवला की असं होतं. काका, म्हादईसाठी मोर्चा काढा, मी येतो, पण फ्लशची लाइन त्याच्यासाठी थांबवू नका.

ए-१०२: बाथरूम फोडावी लागणार का? आत्ताच टाइल्स बदलल्यात मी.

सी-२०२: बहुतेक नाही. गच्चीवर वेगळी टाकी, डक्टमधून एक पाइप खाली आणि फ्लशटँकचा जॉइंट बदलायचा. प्लंबरला दाखवून लेखी कोटेशन घेऊ, बोअरवाल्याचंही घ्या.

सी-१०४: आणि भाड्याने राहणाऱ्यांनीही द्यायचे का पैसे? आमचे मालक दुबईला.

सेक्रेटरी: ते मालकांकडून, सोसायटीच्या कॉर्पस फंडातून बघू. विहीर उद्या सकाळी सातला मोजतोय, दोघंजण खाली या.

बी-३०१: टँकर आलाय गेटवर, वॉचमन विचारतोय कुठल्या विंगला.

सेक्रेटरी: सी विंग. पावतीवर लिटरचा आकडा बघूनच सही करा, गेल्या वेळी जागा कोरीच होती.