सल्ला हवा: कॉर्नवॉलहून ऑस्ट्रेलियात आलेल्या पूर्वजाचं मूळ गाव कसं शोधावं?

निशिगंध
नमस्कार मंडळी. माझं माहेर सांगलीचं, सासर पक्कं अ‍ॅडलेडचं. आपलं मूळ गाव कुठलं हे कळावं अशी सासूबाईंची फार इच्छा आहे. त्यांचे खापरपणजोबा १८४८ मध्ये बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन पोर्ट अ‍ॅडलेडला उतरले, तिथल्याच 'बरा' नावाच्या गावी तांब्याच्या खाणीत लागले, उतारवयात मूंटा गावी वारले. जहाजाच्या यादीत वय २६, काम 'मायनर' म्हणजे खाणकामगार, गाव नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदींत त्याच नावाचे दोघे सापडतात, एक रेडरुथचा, एक ग्वेनॅपचा. नेटवरच्या एका वंशवृक्षाने तर घराणं थेट कुठल्याशा सरदाराला नेऊन भिडवलंय. पैसे भरून साइटचं सदस्यत्व घ्यावं, की तिकडचा कुणी संशोधक गाठावा?

खडूसकाका
सरदाराला आधी घराबाहेर काढा. खाणकामगाराच्या वंशवृक्षात सरदार उगवला की समजायचं, कुणीतरी कुणाचं तरी उचलून चिकटवलंय.

पैसे इतक्यात नकोत. इंग्लंडात सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून. हे गृहस्थ १८२२ च्या आसपासचे, म्हणजे जन्मदाखला नाहीच, बाप्तिस्माच बघायचा. कॉर्नवॉल ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स या साइटवरची चर्चच्या नोंदींची सूची फुकट आहे, फॅमिलीसर्च ही वंशावळीची साइटही. दोन उमेदवार आहेत ना, मग एक कटवा. दफनाच्या नोंदी बघा, त्या काळी लहानपणीच जाणारी पोरं खूप. मग १८५१ ची जनगणना: तेव्हा जो कॉर्नवॉलमध्येच हजर, तो तुमचा नव्हे. १८४१ च्या वयांवर मात्र विसंबू नका. पंधरा वर्षांपुढच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, त्यामुळे २४ चा माणूस २० चा दिसतो.

मेलबर्नची_मावशी
अगं, बायको आणि बाळ बरोबर होतं ना? मग लग्न बहुतेक तिकडेच, आणि वय बघता १८३७ नंतरच. तोच दाखला मागव! त्यात नवरानवरी दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा असतो. लग्न सापडत नसेल तर बाळावरून जा. जनरल रजिस्टर ऑफिस म्हणजे इंग्लंडचं जन्ममृत्यू नोंदणी कार्यालय, त्याच्या ऑनलाइन सूचीत बाळाच्या नावापुढे आईचं माहेरचं आडनाव देतात.

साउथ ऑस्ट्रेलियाच्या जुन्या मृत्यूदाखल्यात आईबापांची नावं नसतात, तिथे पैसे घालू नकोस. पण १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि बराचे कितीतरी खाणकामगार तिकडे धावले. एखादा सख्खा भाऊ इकडे येऊन वारला असेल तर लॉटरीच. व्हिक्टोरियाच्या दाखल्यात १८५३ पासून आईबाप, जन्मस्थळ, मुलंबाळं, सगळं लिहिलेलं असतं. अर्थात सांगणाऱ्याला ठाऊक होतं तेवढंच! ऑस्ट्रेलियाची जुनी वर्तमानपत्रं ट्रोव्ह या साइटवर फुकट आहेत, मूंटाच्या मृत्यूची बातमी शोध.

पेणचा_पाहुणा
एक विसरताय. कॉर्नवॉलच्या खाणकामगारांत मेथडिस्ट भरपूर, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून वेगळा पंथ, त्यांची प्रार्थनागृहं म्हणजे चॅपलंही वेगळी. बाप्तिस्मा चॅपलमध्ये झाला असेल तर तुमचे दोन्ही उमेदवार बाद! चॅपलची बरीच जुनी रजिस्टरं लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये जमा आहेत, आरजी ४ या क्रमांकाखाली.

निशिगंध
मावशी, दाखला आला! लग्न ग्वेनॅपचं, १८४५. नवऱ्यामुलाच्या बापाचं नाव ग्वेनॅपच्या बाप्तिस्म्याशी जुळतंय, रेडरुथवाल्याच्या बापाचं वेगळं आहे. वधूने सहीच्या जागी फुली मारलीय, ती सासूबाई कितीतरी वेळ न्याहाळत होत्या. त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वह्यांबद्दल सांगितलं तर म्हणतात, तुमचं बरं आहे! वयाच्या रकान्यात मात्र दोघांचंही नुसतं 'फुल एज' लिहिलंय.

खडूसकाका
म्हणजे २१ पूर्ण, याहून जास्त त्यातून काही निघत नाही. आणि राहणं ग्वेनॅपचं म्हणून जन्मही तिथलाच, असं धरू नका. रेडरुथ लागूनच आहे, लोक खाणीमागे घर हलवायचे. पेणकरांचं चॅपल बघून घ्या, दफनाची नोंदही. दाखल्यावर साक्षीदारांची नावं असतील, ती इथे टाका. पुष्कळदा भाऊबहीणच निघतात.