चौकशीआधी माहिती हवी, हे अर्धेच खरे

चौथीच्या मुलांकडे पुरेशी माहितीच नसते, त्यामुळे आधी पाठ करून घ्यावे आणि मगच प्रश्न विचारू द्यावेत, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. माहिती लागते हे खरे, पण ती शोधण्याची गरज वाटायला आधी मुलाला काहीतरी खटकावे लागते. २००३ साली कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत शिकवत असताना मी मुलांना घरातील जुने शाळेचे दाखले पाहून येण्यास सांगितले होते (मूळ कागद आणू नयेत, गाव, जिल्हा आणि राज्य एवढेच उतरवून आणावे, हे बजावून). एका मुलीच्या वहीत आजोबांपुढे ‘मुंबई’, काकांपुढे ‘म्हैसूर’ आणि स्वतःपुढे ‘कर्नाटक’ असे लिहिलेले होते, आणि तिने विचारले, “गुरुजी, आमचं घर तर तिथंच आहे, मग आजोबा मुंबईत कसे?”

त्या एका प्रश्नावर चार तास गेले. आजोबांचा दाखला कोणत्या सालचा, काकांचा कोणत्या सालचा, हे मुलांनी फळ्यावर ओळीने मांडले आणि बदल कोणत्या वर्षांच्या दरम्यान झाला असावा, हे स्वतःच ताडले. १ नोव्हेंबर १९५६ ची राज्य पुनर्रचना (हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला) आणि १९७३ मधील नामांतर (म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले) मी त्यानंतरच सांगितले. सीमाभागात हा विषय घरोघरी हळवा असतो, म्हणून बाजू कोणाची बरोबर यात न शिरता कागद काय सांगतो एवढ्यावरच मी वर्ग थांबवला. त्या तारखा मात्र कोणालाच पाठ कराव्या लागल्या नाहीत.