केंद्राच्या भिंतीवर शुभंकर काढायचा आहे, त्याच्या तोंडी काय घालावं?

वऱ्हाडी_पाटी (यवतमाळ जिल्हा):
ग्रामपंचायतीच्या इमारतीत आपले सरकार सेवा केंद्र आहे. बाहेरची भिंत १० फूट बाय ६ फूट, तोंड पश्चिमेला. तिच्यावर एखादा शुभंकर काढून आधार, पीएम किसानची ई-केवायसी आणि शेतकरी ओळख क्रमांकाची माहिती द्यायची आहे. म्हातारी माणसं अंगठा लावायलाच बिचकतात. शेजारी कोलाम आदिवासींची वस्ती (पोड) आहे, तिथले लोक तर दारापर्यंत येऊन परत जातात. सभेत बैलाचं चित्र सुचवलं गेलं. आधारचा तयार शुभंकर घ्यावा की आपला काढावा? आणि त्यानं नेमकं काय सांगावं?

अंगठा_लावा:
बैल नको भाऊ. गुरांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा क्रमांकही १२ अंकी असते. केंद्रावर बैल दिसला की निम्मे लोक बिल्ल्याचं काम विचारायला येतील.

आधार देणाऱ्या प्राधिकरणानं (यूआयडीएआय) जानेवारी २०२६ मध्ये 'उदय' हा आधारचा शुभंकर जाहीर केला, पण म्हणून तो किंवा आधारचा लोगो विनापरवानगी भिंतीवर चढवू नका. तुमच्या केंद्राला आधार नोंदणीची मान्यता नसेल तर लोक पत्ता बदलायला येतील आणि हात हलवत परत जातील. त्यापेक्षा नऊवारीतली आजी काढा आणि ती इथं काय होते, काय होत नाही हे सांगू द्या. आधार दुरुस्तीसाठी कोणत्या गावाला जायचं तेही तिच्याच बोटानं दाखवा.

'सोपं आहे, घाबरू नका' हे तिच्या तोंडी अजिबात नको. लोक मशीनला घाबरत नाहीत, चार माणसांसमोर 'तुमचा अंगठा येत नाही' हे ऐकायला घाबरतात. म्हणून आजीनं अंगठा न आल्यावर काय करायचं ते दाखवावं. दिवाळीनंतर कापूस वेचणीत पऱ्हाटीच्या बोंडांनी अंगठा आणि पहिलं बोट सोलून निघते, रेषा पकडल्या जात नाहीत. हात धुवा, पुसा, मधलं किंवा अनामिका लावून पाहा. त्वचा फारच कोरडी असेल तर ओल्या फडक्यानं बोट किंचित दमट करा, ओलं टपटपीत नको. स्कॅनरवर थेट ऊन पडत असेल तरी नकार येते, टेबल खिडकीपासून सरकवा. तरीही नाही जमलं तर चेहऱ्यानं पडताळणी. उजेड समोरून हवा. पाठीमागे उघडं दार असलं की चेहरा काळा येते, मग डोळे कितीही मिचकावले तरी उपयोग नाही.

पडताळणी फसली की मशीनवर येणारे तीन आकडे आतल्या बाजूला चालकासाठी लिहून ठेवा. ३०० म्हणजे बोट जुळलं नाही, दुसरं बोट लावा. ३३० म्हणजे बायोमेट्रिक (बोटं-डोळ्यांची नोंद) लॉक केलेलं आहे, आधी ते उघडा, बोटं घासत बसू नका. ८११ म्हणजे त्या आधारवर बायोमेट्रिक नोंदच नाही. निळं बाल आधार घेऊन मोठी झालेली पोरं इथं अडकतात, त्यांना आधार केंद्रावरच पाठवावं लागते. हे तिन्ही आकडे 'सर्व्हर डाऊन' या एकाच उत्तरात गाडले जातात, आणि माणूस चार वेळा हेलपाटा मारते.

ब्रश_आणि_डबा:
पश्चिमेची भिंत म्हणजे मे महिन्यात तवा. फ्लेक्स लावाल तर एका उन्हाळ्यात लाल रंग उडेल आणि आजी पिवळी पडेल. रंगवूनच घ्या. भिंतीवर जुना चुना असेल तर तो आधी खरवडा, नाहीतर त्याच्यावर मारलेला रंग पहिल्या पावसात पापड्यासारखा सुटते. खरवडून प्राइमरचा एक हात, मग बाहेरच्या भिंतीचा इमल्शन दोन हात. ऑइलपेंट फक्त अक्षरांना.

अक्षरं ३ इंचांपेक्षा लहान नकोत, रस्त्यावरून वाचता आली पाहिजे. १० बाय ६ मध्ये आजी आणि चारच चित्रं मावतात. पाचवं घुसवलं की सगळीच लहान होतात. चित्रांना पातळ काळी रेघ घालू नका, जाड तपकिरी घ्या. आणि आजीचं लुगडं कोणत्याच पक्षाच्या रंगाचं नको. आचारसंहिता लागली की कोणीतरी तक्रार करते आणि भिंतीवर कापड टाकावं लागते.

शून्य_ओटीपी:
शुल्क रंगानं लिहू नका. १ ऑक्टोबर २०२५ पासून पत्ता-नाव दुरुस्तीचे ५० चे ७५ रुपये झाले, बोटं-डोळे अपडेटचे १०० चे १२५. पुढे पुन्हा बदलतील. आजीच्या हातात काळी पाटी द्या, खडूनं लिहा.

दुसरं, शुभंकर लोकांना आवडला की तो व्हॉट्सॲपवर फिरतेच, आणि ठगांनाही तोच चेहरा हवा असते. योजनेच्या नावाची एपीके (मोबाइल ॲपची) फाइल पाठवून फोन ताब्यात घेण्याचा प्रकार नवा नाही. म्हणून आजी फोनवर कधीच बोलणार नाही, लिंक पाठवणार नाही, ओटीपी मागणार नाही, हे तिचं पहिलं वाक्य ठेवा. तिचे स्टिकर बनवून गटात टाकण्याचा मोह आवरा. शंका असेल तर १९४७ हा आधारचा मदत क्रमांक, तो मात्र ठळक लिहा.

वऱ्हाडी_पाटी:
आजी पक्की. कोलाम पोडासाठी वेगळं काही?

अंगठा_लावा:
मराठी पाटी तिथं फारशी कामाची नाही, कोलामी बोलणाऱ्या बाईला शनिवारी केंद्रावर बसवा. भिंतीवर त्यांच्यासाठी मजकूर न घालता ओळीनं चित्रं काढा: आधार कार्ड, ओटीपी येणारा फोन, धुतलेला हात, यंत्रावरचं बोट. ही चित्रं रंगारी बोलावण्याआधी कागदावर काढून पोडावर दाखवा. फोनचं चित्र पाहून 'रिचार्ज मारायचं दुकान' असं उत्तर आलं तर चित्र बदला, रंग मग लावा.