बान्सीसारखा मोबाइलबंदीचा ठराव आपल्या गावात घ्यावा का?

कपाशीवाला: पुसद तालुक्यातल्या बान्सीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव घेतला: १८ वर्षांखालच्यांना मोबाइल बंद, वापरला तर दंड. माझ्या मते आपणही घ्यावा. रात्री थ्री फेजची लाइन आली की बाप बटनाचा फोन खिशात टाकून ओलिताला जातो, मोठा फोन घरीच. माय दिवसभर कापूस वेचून थकलेली, आठलाच झोपते. मग दहावीतलं पोट्टं गोधडीत तोंड खुपसून एक वाजेपर्यंत रील पाहते अन् सकाळी पहिल्या तासाला डुलक्या. या वयात स्वतःवर ताबा नसतोच, गावानं लगाम धरावा.

शाळेतली ताई: भाऊ, गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो, शिष्यवृत्तीचा ओटीपी बापाच्या फोनवर. पोरगं फोन घेणारच, फक्त चोरून. दंडही बापाच्याच खिशातून. आणि बंदी लागते ती आधी पोरींवर. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींना फोन हातात मिळतच नाही. पारावर फोन घेऊन बसलेल्या पोरांना हटकतं कोण?

वऱ्हाडी बाप्पा: पोरीयचं खरं हाय बाई. पण ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून १६ खालच्यायचे सोशल मीडियाचे खाते बंद केले. थो देश का अडाणी हाय?

शाळेतली ताई: तिथे दंड कंपन्यांना आहे काका, लेकरांना किंवा आईबापांना नाही. तुम्ही नेमकं उलटं मागताय.

बीएस्सीवाला: अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञानं लहान लेकरांपुढे मार्शमॅलो, म्हणजे एक मऊ गोड मिठाई, ठेवली होती, थांबलास तर दोन मिळतील म्हणून. डोळे झाकून, गाणं म्हणून मन दुसरीकडे नेलेल्यांना थांबणं सोपं गेलं. फोन असाच नजरेआड ठेवायची युक्ती पोरांना शिकवा ना!

कपाशीवाला: अन् त्या थांबणाऱ्यांचं पुढे भलं झालं, असंच ना?

बीएस्सीवाला: तेच तर कच्चं निघालं. २०१८ मध्ये जास्त मुलांवर पुन्हा तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध फारच कमी उरला. म्हणजे घरचं वळण, घरची ऐपत, यांचाही वाटा आहे. सगळं पोराच्या माथी मारू नका.

शाळेतली ताई: मग साधं करा. ओलिताला जाताना बापानं मोठा फोन सोबत न्यावा.

कपाशीवाला: चालेल, पण ठरावात लिहून. तोंडी सांगितलेलं कोणी पाळत नाही.

वऱ्हाडी बाप्पा: लिहा बापा. पण बापच धुऱ्यावर रील पाहत बसला तं सारं पाणी शेजाऱ्याच्या वावरात जाईन, त्याचा दंड कोण भरन?