बास्क किनारा: गाडी, बंदरं आणि उभ्या उभ्या जेवण (अनुभव धागा)

स्पेनच्या उत्तरेला, फ्रान्सला टेकलेला जो किनारा आहे तो बास्क लोकांचा. आम्ही दोघांनी बिल्बाओला गाडी भाड्याने घेतली आणि बेर्मेओ, लेकेइतियो, ओन्दारोआ, सुमाया, गेतारिया करत सान सेबास्तियनला पोचलो. अंतर किरकोळ. मोठ्या रस्त्याने गेलात तर तास-सव्वा तासात संपतं. किनाऱ्याचा रस्ता धरला की मात्र थोड्या थोड्या वेळाने एक बंदर येतं, आणि प्रत्येक बंदरात भूक लागते. मी रत्नागिरीची, मासे म्हणजे जीव की प्राण. नवरा देशावरचा, अंड्यापर्यंत येतो, पुढे नाही.

या भागाबद्दल वाचायला गेलं की सगळं मिशेलिनच्या (उत्तम हॉटेलांना तारे देणारी मार्गदर्शिका) ताऱ्यांबद्दल असतं. तारे आहेतच, सान सेबास्तियनच्या आसपास भरपूर आहेत. पण माझं मत असं झालंय की हा किनारा टेबल राखून खायचा नाहीच. बंदरात काय उतरलंय ते बघायचं, काउंटरला टेकून दोन घास खायचे, पुढे सरकायचं.

अपवाद एकच, गेतारियाचा टर्बट. गाव एवढंसं. १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतलेला एल्कानो इथला, फॅशनवाला बालेन्सियागाही इथलाच. गल्लीत शिरलं की दोघांचाही विसर पडतो, कारण हॉटेलांच्या शेगड्या बाहेर रस्त्यावरच धगधगत असतात. टर्बट म्हणजे चपटा मासा, आपल्या लेपासारखा, पण परातीएवढा. अख्खा, कातडीसकट, तारेच्या जाळीत बंद करून कोळशावर ठेवतात आणि वरून तेल-व्हिनेगर शिंपडत राहतात. मसाला? मीठ. बस्स. वाढणारा टेबलाशी येऊन मासा उलगडतो आणि पाठीचं मांस वेगळं, पोटाकडचं वेगळं वाढतो. पोटाकडचं जास्त चिकट आणि तुपकट. कडेचे परांचे काटे हातात धरून चोखायचे, तिथे कोणी नाक मुरडत नाही. भाव किलोवर असतो, तेव्हा शेगडीवर जायच्या आधी वजन आणि किंमत विचारून घ्या. स्वस्त अजिबात नाही.

नवऱ्याने शेजारी बसून तळलेल्या गेर्निका मिरच्या आणि इदियासाबालचं मेंढीच्या दुधाचं चीज खाल्लं, आणि माझ्या ताटातल्या काट्यांच्या ढिगाकडे बघायचं कटाक्षाने टाळलं.

तुम्ही कुठे काय खाल्लंत, शाकाहारी असाल तर कसं निभावलंत, ते लिहा. ताऱ्यांच्या गोष्टी नकोत.

बिल्बाओची सून
आमच्याकडे येताना दोन गोष्टी सांभाळा, घड्याळ आणि महिना. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊच्या पुढे. संध्याकाळी सहाला 'जेवायला काय आहे' विचाराल तर स्वयंपाकघर बंद असतं. मधल्या वेळेला पिंचो, म्हणजे पावाच्या तुकड्यावर किंवा काडीला टोचून मांडलेले घास. काउंटरवर मांडलेलेच उचलू नका. फळ्यावर लिहिलेले गरम पिंचो मागून करून घ्यावे लागतात आणि खरी मजा त्यात असते.

महिन्याचं म्हणाल तर अँचोवी (छोटासा मासा) वसंतात, बोनीतो (पांढरा टूना) उन्हाळ्यात. अँचोवी इतकी घटली होती की २००५ ते २०१० बिस्केच्या उपसागरात तिची मासेमारी बंद ठेवली होती. इथले म्हातारे अजून त्या वर्षांबद्दल बोलतात. उन्हाळ्यात आलात तर मार्मिताको खाच: टूना, बटाटा, कांदा आणि सुक्या लाल मिरचीचा गर, मुळात बोटीवर शिजवायचा प्रकार. सासूबाईंनी मला पहिल्यांदा शिकवलं ते बटाटा सुरीने पूर्ण कापायचा नाही. अर्धा कापून मोडायचा, म्हणजे पिठूळपणा सुटून रस्सा दाट होतो. टूना मात्र आच बंद करता करता. आपण मासा शिजवतो तसा रटरटवलात तर भुसा होईल.

मालवणी गळ
अँचोवीवर माझेही दोन शब्द. आपली मांदेली त्याच कुळातली, पण आपण ती कुरकुरीत तळून संपवतो. तिथे ती मिठात दाबून कित्येक महिने मुरवतात, मग हाताने साफ करून, काटे काढून तेलात ठेवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिसिलीहून आलेल्या खारवणाऱ्यांनी ही पद्धत त्या किनाऱ्यावर रुजवली. हिरवं ऑलिव्ह, लोणच्यातली कोवळी मिरची आणि ही अँचोवी एका काडीला टोचली की झाला 'गिल्दा' नावाचा पिंचो. एका घासात आंबट, खारट, तिखट. बायकोला एक पुरेसा वाटला. मला थांबवावं लागलं.

कॉडचं पिल-पिलही चुकवू नका. खारवलेला कॉड, ऑलिव्ह तेल, लसूण, मिरची, एवढंच. भांडं गोल गोल हलवत राहिलं की कातडीतला चीक तेलात मिसळून पांढरट सॉस बनतो. पीठ नाही, साय नाही. बेर्मेओला एका छोट्या खाणावळीत हे खाल्लं आणि आमच्या सुक्या माशांच्या डब्याबद्दल वाईट वाटलं, आपण त्यांना इतकी वर्षं एकाच साच्यात शिजवतोय.

वरणभात
कट्टर शाकाहारी, अंडंही नाही. स्पष्ट सांगतो, कठीण आहे. भाजीचं म्हणून दिलेल्या सँडविचमध्ये टूना निघतो, क्रोकेतामध्ये (तळलेला गोळा) हॅम असतं, भात माशाच्या पाण्यात शिजलेला असतो. आम्ही दोघं तगलो ते गेर्निका मिरच्या, परतलेली अळंबी, टोमॅटोचं सॅलड, पाव आणि फळांवर. चीजमध्ये रेनेट (दूध घट्ट करायचं विरजण) प्राण्याचं असतं, चालत नसेल त्यांनी तेही सोडा. शाकाहाराचा फलक लावलेली हॉटेलं बिल्बाओ आणि सान सेबास्तियनला सापडतात, लहान बंदरांत विसरा. मुक्कामाला स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. बाजारातल्या शेंगा आणि टोमॅटो मात्र असे की फोडणी द्यायची गरज पडली नाही.

पुणेरी भटकी
सान सेबास्तियनच्या जुन्या भागात 'ला विन्या'मध्ये जळक्या माथ्याचा चीजकेक जन्मला, त्याचं जगभर कौतुक. खाल्ला. चांगला आहे, आतून लुसलुशीत, तळाला बिस्किटाचा थर नाही. पण त्याच गल्लीत भुकेने आत-बाहेर करणं जास्त आवडलं: एका ठिकाणी एकच पिंचो, एकच ग्लास, मग पुढचं दार.

लाल डबा
त्या ग्लासाचं काय करायचं, हा मुद्दा कोणी मांडलाच नाही! चाकोली ही तिथली पांढरी, किंचित फसफसणारी वाइन, उंचावरून ओततात. स्पेनमध्ये गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातल्या दारूची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम, म्हणजे जोडप्यातल्या एकाने कोरडंच राहायचं. शिवाय आपल्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो आणि जुन्या गावांत पार्किंग म्हणजे डोकेदुखी. आम्ही सान सेबास्तियनला राहून छोट्या रेल्वेने साराउत्स, सुमाया केलं. साराउत्सहून गेतारियाला समुद्राला खेटून रस्ता आहे, शेजारून चालत जाता येतं. भूक लागून पोचता, हा फायदा वेगळाच. दोघांनी प्यालो, कोणी कोणावर रुसलं नाही.

बिल्बाओची सून
रेल्वे छान, पण लेकेइतियो आणि ओन्दारोआला ती जात नाही, दादा. लेकेइतियोला ओहोटीत समोरच्या बेटावर चालत जाता येतं. भरतीचं वेळापत्रक बघूनच जा. सुमायालाही ओहोटी गाठा. तिथल्या दगडाच्या पापुद्र्यांत डायनासोर संपले त्या, सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या, काळाची रेघ दिसते.

पुणेरी भटकी
सीमेपलीकडचंही जोडा. ओंदारिबियाहून होडीने बिदासोआ नदी ओलांडली की फ्रान्सचं हेंदाय. गाडी अलीकडे ठेवूनही चालतं. पुढे सां-जां-द-लूझ, जिथे १६६० मध्ये चौदाव्या लुईचं लग्न लागलं, आणि आत एस्पेलेत, घरांच्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत घातलेलं गाव. दिसायला आपल्या संकेश्वरीची आठवण येते, तिखटपणा मात्र बेताचाच, सुगंधासाठीच वापरतात. घ्यायचीच तर पूड घ्या. माळ सामानात चुरते, आणि उरलेल्या प्रवासभर दोघांचेही कपडे झटकत बसावे लागतात.